वामनरावचे चौऱ्याण्णव

त्या दिवशी पहाटेपासून धुई पडली होती. आमच्याकडं धुक्याला धुई म्हणतात. केनवडच्या शिवारात तूर फुलावर होती आणि जो तो आभाळाकडं बघून तिची काळजी करत होता. मी मात्र मनातल्या मनात म्हणत होतो, पड बाई, अजून पड! इतकी पड की वामनरावला बोनेटच्या पुढं काही दिसू नये!

कोणाचं असं वाईट चिंतू नये, हे मला कळतं. पण कारण होतं. ते सांगतो, जरा दम धरा.

अडतीस वर्षं मी केनवड ते रिसोड पॅसेंजर जीप चालवली. किस्स्यांचंही त्या जीपसारखंच असतं. एकाला बसवलं की दुसरा दारात उभा, त्याच्या मागं तिसरा, आणि शेवटी एक जण टपावर! मला लिहिता येत नाही, शाळेचं तोंड पाहिलं नाही. मी बोलतो आणि नात श्रावणी मोबाईलवर लिहिते. ती म्हणते, "आबाजी, तुमी आपलं वऱ्हाडी बोला. मी लिहिताना जराक इस्तरी मारते."

*

आधी वामनराव. माझा शेजारी, भिंतीला भिंत. वयानं बरोबरीचा. तोही ड्रायव्हरच, पण सरकारी बसचा. खाकी कपडे, शिट्टी मारणारा कंडक्टर, महिन्याला पगार. तेवढ्यावर मी जळलो नसतो. पण रिटायर होताना त्याला एक बिल्ला मिळाला. एकही अपघात न करता नोकरी केली म्हणून. चांदीसारखा चमकतो.

अरे, अपघात तर मीही केला नाही! अडतीस वर्षांत कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नाही. पण जीपवाल्याला बिल्ला कोण देतो?

वामनराव तो बिल्ला लावून लग्नाला जायचा, बारशाला जायचा, तेरवीलाही जायचा. एकदा कटिंगला गेला तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत होतो. न्हाव्यानं अंगावर कपडा टाकला की हा तो छातीवरून बाजूला सारायचा. तीनदा झालं. शेवटी न्हावी म्हणाला, "वामनराव, बिल्ला झाकला म्हनून केस वाकडे नाही कापल्या जात!"

मी हसलो. पण खरं सांगतो, घरी येऊन आरशात माझी रिकामी छाती बघितली.

*

वामनरावचा एक नियम होता. बस स्टॉपवरच थांबणार. स्टॉपच्या दहा पावलं पुढं साक्षात देव उभा असला तरी थांबणार नाही.

माझं उलट. रस्त्यावर कोणी हात केला की माझा पाय ब्रेकवर. गाडी भरली असली तरी मी मागं वळून म्हणायचो, "सरका बाप्पा, आनखी एक बसते!" लोक शिव्या द्यायचे आणि सरकायचे.

एकदा वामनरावची बायको, आमच्या सुमनवहिनी, माहेराहून येत होत्या. दोन पिशव्या, डोक्यावर ऊन. स्टॉपपासून थोडं पुढं बाभळीच्या सावलीत उभ्या राहिल्या. लांबून बस आली. नवराच चालवत होता! त्यांनी हात केला. त्यानं बघितलं, ओळखलं, आणि बस पुढं नेली.

मागून माझी जीप. "सरका बाप्पा, आनखी एक बसते!"

संध्याकाळी भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. वामनराव सांगत होता, "अवं, स्टॉप मांगं होता ना!"

वहिनी म्हणाल्या, "मंग आजपासून सैपाकघरातही स्टॉप हाय. ताट पायजे असंन तं दहा पावलं मांगं जाऊन उभे राहा!"

आठ दिवस तो माणूस ओसरीत जेवला. त्या आठ दिवसांत मला भूक फार छान लागायची.

*

आता एका डब्बीची गोष्ट.

वामनरावचा नातू आकाश आणि माझी श्रावणी, दोघांनी वर्षाच्या अंतरानं गाड्या घेतल्या. श्रावणी वाशिमला दवाखान्यात रक्त तपासते, तिला जायला-यायला लागते. इन्शुरन्सवाल्यानं दोघांच्याही गाडीत, स्टेअरिंगच्या खाली, काडेपेटीएवढी डब्बी बसवून दिली. ती गप्प बसून सगळं बघते. कचकन ब्रेक मारला, वळणावर गाडी जोरात फिरवली, वेगात नेली, चालवताना फोन घेतला, की मार्क कापते, मोबाईल टिंग वाजतो. घरी पोचलं की मोबाईलवर शंभरातले मार्क येतात. वर्षभर ऐंशीच्या वर राहिलं तर पुढच्या वर्षी इन्शुरन्स स्वस्तात. तरुण पोरं वेडीवाकडी चालवतात म्हणून त्यांच्यासाठी ही युक्ती.

आकाशनं ती इतकी मनावर घेतली की विचारू नका. मार्क जातील म्हणून तो गाडी चालवायचा की वरातीतला घोडा चालवायचा, कळेना. एकदा रिसोडच्या रस्त्यावर मागून सोयाबीनचा ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्यानं खाली उतरून काचेवर टकटक केली.

"भाऊ, बंद पडली का? धक्का मारू?"

त्या दिवशी आकाशला शहाण्णव पडले! त्याच्या आईनं गल्लीत पेढे वाटले. म्हणाली, "दहावीत नाही पडले एवढे!"

मी पेढा घेतला. खाल्लाही. पण गोड लागला नाही. सगळ्या गल्लीत कोणाला ना कोणाला कधी ना कधी मार्क मिळाले होते. पास झाले, नापास झाले, पण मिळाले तरी! मला सत्तर वर्षांत कोणी एक मार्क दिला नाही. नापाससुद्धा कोणी केलं नाही.

*

दिवाळी झाली आणि श्रावणीनं जाहीर केलं, "आबाजी, तुमाले समुद्र दाखवते."

आमच्यापैकी कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता. आम्ही दोघं नवरा-बायको, वामनराव आणि सुमनवहिनी, आणि श्रावणी. गाडीत बरोबर पाच जागा. माझी बायको शांता आणि वहिनी यांनी चिवडा करायला घेतला तो इतका की समुद्रावर दुकान लावता आलं असतं. लोणच्याची बरणी, पाण्याचे कॅन, वहिनींची गुडघ्याची पट्टी, सगळ्याची यादी झाली. मी चारही टायर पायानं ठोकून आवाज ऐकला. स्टेपनीही ठोकली. श्रावणीनं मग मशीन लावून हवा मोजली. माझ्या पायात आणि मशीनमध्ये काडीचा फरक नव्हता!

पण कोकण दूर. श्रावणी एकटी किती चालवणार? जोडीला एक ड्रायव्हर पाहिजे. लायसन दोघांचंही चालू होतं. मी म्हटलं, मी. वामनराव म्हणाला, मी. दोन दिवस भिंतीवरून हेच चाललं.

शेवटी श्रावणी म्हणाली, "भांडू नका बापा! दोघंही एकेक दिवस शिरपूरपर्यंत जाऊन वापस या. डब्बी मार्क देईन. ज्याले जास्त, तो चालवन. पन ऐंशीच्या खाली आले तं मीच एकटी चालवन. वर्षाचे मार्क माह्या नावावर हायेत."

मला रात्रभर झोप आली नाही असं म्हणणार नाही, पण उशी गरम लागली. समुद्र मला पाहायचा होताच. पण त्याच्यासमोर गाडी मला माझ्या हातानं उभी करायची होती.

*

पहिला नंबर वामनरावचा. सकाळी बघतो तर खाकी शर्टाला इस्त्री करून, बिल्ला लावून हजर! श्रावणी म्हणाली, "वामनआजोबा, डब्बीले डोळे नसतात."

"मले तं हायेत ना," तो म्हणाला.

दोन तासांनी परत आला. चौऱ्याण्णव!

मोबाईल बिल्ल्याशेजारी धरून त्यानं फोटो काढून घेतला. मी अभिनंदन केलं. जेवायला बसलो आणि ताट बाजूला सारलं. शांताला म्हटलं, पोट दुखतं.

ती म्हणाली, "पोट नाही. वामनरावचे मार्क दुखून राह्यले तुमाले!"

*

दुसऱ्या दिवशी मी. शेजारच्या सीटवर श्रावणी, हातात मोबाईल. गावातून गाडी अशी काढली की पाण्यावरून पान जावं. शाळेचं वळण झालं, मोबाईल गप्प. मला वाटलं, आज पंचाण्णव!

फाट्यावर गोदाबाई उभी होती. म्हातारी, डोक्यावर वांग्याचं टोपलं. माझ्या जीपमधून तिनं वीस वर्षं वांगी नेली. तिनं हात केला.

अडतीस वर्षांचा पाय तो! मी ब्रेक नाही दाबला, त्यानं दाबला. मोबाईल टिंग वाजला.

"आबाजी!" श्रावणी ओरडली.

तोवर गोदाबाई मागं बसली होती. "नामदेवा, सीट लय मऊ हाय रे. टोपलं कुठी ठेवू?" टोपलं श्रावणीच्या मांडीवर आलं.

पुढं बांधावर एक माणूस हात हलवत होता. टिंग! मी काच खाली केली. तो म्हणाला, "काय झालं?"

"तुमी हात केला ना?"

"मी तं पोराले बलावून राह्यलो!" मग त्यानं गाडीत वाकून बघितलं. "पन थांबलेच तं चला, शिरपूरले जरा काम हाय."

असं करत करत गाडी भरली. भरली तरी मी थांबतच होतो. "सरका बाप्पा, आनखी एक बसते!" शिरपूर जवळ आलं तेव्हा तुरीच्या वावरात एक जण दोन्ही हात पसरून उभा दिसला. मी कचकन थांबलो. टिंग!

श्रावणी टोपल्याआडून म्हणाली, "आबाजी, ते बुजगावनं हाय!"

"मंग त्यानं हात कायले केला?"

येताना एकही माणूस घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. तीनच घेतले.

घरी मोबाईलवर आकडा आला. एक्केचाळीस. मी श्रावणीला हळूच विचारलं, "शाळेत पास कितीले होतात?"

"पस्तीसले."

"मंग झालो ना पास!"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि माझं उपरणं नीट केलं. म्हणाली, "झाले, आबाजी. पन ऐंशी पायजेत."

भिंतीपलीकडून वामनरावचं खोकणं ऐकू आलं. तो खोकला सर्दीचा नव्हता!

*

तर अशी ती धुईची सकाळ. गाडीच्या नंबरपाटीला लिंबू-मिरची बांधली, चाकापुढं नारळ फोडला. वामनराव पुढं बसला, खाकी, बिल्ला, सगळं काही. शेजारी श्रावणी. मागं शांता आणि सुमनवहिनी, आणि दोघींच्या मधात मी, मांडीवर चिवड्याचा डबा. अडतीस वर्षांत ड्रायव्हरची सीट सोडून दुसऱ्या सीटवर मी कधी बसलो नव्हतो. गुडघे कुठं ठेवायचे तेही कळेना.

खोटं कशाला बोलू, वामनराव चालवत सुंदर होता. धुईत दोन हातांपुढं दिसत नव्हतं, तरी गाडीचा आवाज एकसारखा. मी कान लावून बसलो होतो, की एक तरी टिंग वाजावी. वाजेना. शाळेचं वळण गेलं. वाजेना.

फाटा आला. धुईतून आधी एक टोपलं दिसलं, मग त्याच्या खाली एक हात. वर केलेला.

माझ्या उजव्या पायानं मागच्या सीटवरच ब्रेक दाबला. पायाखाली नुसती चटई! मी डोळे मिटून घेतले. वामनराव थांबणार नाही, हे मला माहीत होतं. तो बायकोसाठी थांबला नव्हता.

आणि गाडी कचकन थांबली! चिवड्याचा डबा शांताच्या पायावर पडला. टिंग!

"वामनआजोबा! मार्क गेले ना!" श्रावणी म्हणाली.

गोदाबाईनं खिडकीतून डोकं आत घातलं. "नामदेव कुठी हाय? शिरपूरले जाता का?"

आम्ही समुद्राला निघालो होतो. सुमनवहिनी नवऱ्याच्या पाठीकडं बघत होत्या, जसं काही तिथं काही लिहिलंय. वामनरावनं मोबाईलकडं बघितलंही नाही. हळूच मान मागं वळवली आणि मला म्हणाला,

"सरक बाप्पा नामदेव, आनखी एक बसते!"