एल्रॉयचा टीव्ही

एल्रॉय टिलमन आमच्या बाल्टिमोरच्या मेथाडोन क्लिनिकात रोज सकाळी रांगेत माझ्या पुढे असायचा. मेथाडोनचं लाल औषध एका घोटात प्यायचा आणि नर्सला म्हणायचा, बाई, आज मीठ विसरलात. नर्स हसायची नाही. मी तर मुळीच नाही. सकाळी सकाळी मला माणसं सोसत नाहीत.

हेरॉइन त्याचं केव्हाच सुटलं होतं. मेथाडोन ते काम चोख करतं. पण कोकेनपुढे मेथाडोन हात टेकतं, आणि तिथेच आम्हा निम्म्या लोकांचं घोडं पेंड खातं. कोकेनवर अशी बाटली नाही की गोळी नाही. म्हणून आमच्या समुपदेशक बाईने, मिस जोसेटने, काचेचा वाडगा आणला. लघवीत कोकेन निघालं नाही की वाडग्यात हात घालायचा आणि चिठ्ठी काढायची. बहुतेक चिठ्ठ्यांवर नुसतं 'शाब्बास'. काहींवर मोजे, साबण, बसचा पास. आणि सबंध वाडग्यात एकच चिठ्ठी टीव्हीची. मी म्हटलं, काय हा पोरखेळ, पन्नाशी उलटलेल्या गाढवांना चिठ्ठ्या कसल्या? पण खरं सांगते, त्या 'शाब्बास'साठी आम्ही कोपऱ्यावर पुड्या विकणाऱ्या पोरांकडे न बघता चालायला शिकलो.

एल्रॉयला त्याहून मोठं कारण होतं. त्याच्या मुलीच्या, यव्हेटच्या, बाळाचा रविवारी बाप्तिस्मा होता. यव्हेटने बजावलं होतं, नशा करणाऱ्याने माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही. याने तिला छातीठोकपणे सांगून ठेवलेलं, मी कधीचाच सुटलोय. हेरॉइनपुरतं ते खरंच होतं. कोकेनबद्दल मात्र त्याने चकार शब्द काढला नव्हता.

आणि त्या शुक्रवारी पठ्ठ्याने नेमकी टीव्हीची चिठ्ठी काढली. टाळ्या पडल्या, मिस जोसेट नाचायचीच बाकी राहिली, आणि माझा जळफळाट झाला. एल्रॉयचा चेहरा तेवढा उतरला. खोकं घेऊन तो दारापर्यंत गेला आणि तिथेच त्यावर बसला.

काय झालं रे बाबा, विचारलं. म्हणाला, बसस्टॉप कोपऱ्याच्या पलीकडे आहे. मग माझी ट्यूब पेटली. कोपऱ्यावर टीव्ही म्हणजे रोकड. खोकं दिसायचा अवकाश, की ते जाणार आणि याच्या हातात पुडी येणार. दैव देतं आणि कर्म नेतं, ते हे असं. अहो, शिकल्यासवरल्या माणसांनी कोकेनवाल्याला बक्षीस काय द्यावं, तर उभ्या उभ्या विकता येईल असं! मिस जोसेटच्याही ते ध्यानात आलं, ती ओशाळली, म्हणाली, कपाटात ठेवते, सोमवारी ने.

"सोमवारी काय कोपरा हलणार आहे?" एल्रॉय म्हणाला.

मी म्हटलं, मग नको म्हणून परत कर ना, मेल्या. तर म्हणे, नात मोठी झाली की माझ्याकडे कार्टून बघायला येईल. मला भयंकर राग आला त्याचा, आणि दयाही.

मग त्याने माझा फोन मागितला. मला वाटलं टॅक्सी बोलावतोय. त्याने यव्हेटला लावला.

"पोरी, मी खोटं बोललो. हेरॉइन सुटलंय, कोकेन आत्ता कुठे सोडतोय. माझ्याकडे नवा टीव्ही आहे आणि मला माझा भरवसा नाही. तू क्लिनिकवर येऊन घेऊन जा. रविवारी मी नाही आलो तरी चालेल."

पलीकडून फोन कटला. मी त्याला शिव्या घातल्या. पाठ दुखतेय म्हणायचं होतं, गाडी घेऊन ये म्हणायचं होतं! एवढं सगळं ओकायची काय गरज होती? तो खोक्यावर बसून राहिला. मीही घरी गेले नाही, जाववेना.

यव्हेट कामावरच्या गणवेशातच आली. बापाकडे बघितलं नाही, माझ्याकडे तर नाहीच. खोकं उचललं आणि गाडीत मागे, बाळाच्या खुर्चीशेजारी ठेवलं. एल्रॉय पायरीवर तसाच उभा. तिने पुढचं दार उघडलं.

"डॅडी, टीव्ही मागे ठेवलाय," ती म्हणाली. "तू पुढे बस. उद्या सकाळी औषधाला मी आणून सोडते."