बाळासोंचा कान

गडमुडशिंगीच्या बाळासोमामांनी काम बंद केलं त्याला आता वर्ष होत आलं. अजूनही गाणी बनवणारी पोरं मला फोन करतात, "परवडणारा मास्टरिंगवाला कोण हाय का रं?" मी एखाद्या ॲपचं नाव सांगतो आणि विषय बदलतो. बाळासोमामांचं नाव ओठांवर येतं, पण ते घेऊन उपयोग नाही.

मी हुपरीचा, सम्राट. घरात चांदीच्या पैंजणांचं काम चालतं. दिवसभर ते करायचं आणि संध्याकाळी लॅपटॉपवर नाचायची गाणी बनवायची, शब्द नसलेली, नुसत्या ठेक्यावर चालणारी. आमचे वडील त्याला "धडधड" म्हणतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही हे मी लवकरच शिकलो.

एक गाणं मात्र मला मनापासून जमलं होतं. आई धुतलेली पैंजणं फडक्यात घेऊन झटकते, त्याचा आवाज मी मोबाइलवर धरला आणि तो ठेक्याच्या वर बसवला. आता ते जगापुढं न्यायचं तर शेवटचा हात फिरवणारा माणूस हवा होता. पुण्याचा एकजण होता, पण त्याची फी ऐकूनच मी फोन ठेवला. शिवाय तो भेटणार नाही, बोलायचं ते मेलवर. उंटावरून शेळ्या हाकणारा मला नको होता. ॲपवर करून बघितलं, तर सगळी गाणी एकाच साच्यातून काढलेल्या गणपतीसारखी. मग आकारामनं, माझ्या कोल्हापूरच्या डीजे मित्रानं, त्याचं एक गाणं ऐकवलं. खालचा ठेका छातीत बसत होता आणि वरचा बारीक आवाज दव पडल्यासारखा स्वच्छ. कुणी केलं म्हणून विचारलं तर म्हणाला, "मुडशिंगीचे बाळासोमामा. खिशाला परवडत्यात आणि कानाचं पक्कं हायत." ते गाणं किती जुनं आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही.

हुपरीहून कोल्हापूरला जाणारी एसटी मुडशिंगीवरूनच जाते, त्यामुळं जाणं सोपं होतं. घराच्या मागं म्हशीचा गोठा, त्यातला निम्मा भिंत घालून वेगळा केलेला. भिंतींना वाकळा ठोकलेल्या, मध्ये कॉम्प्युटर आणि दोन स्पीकर. पलीकडं म्हैस ओरडली की मामा गाणं थांबवायचे, तिचं आटपलं की पुन्हा लावायचे.

पन्नाशीचा धिप्पाड माणूस. आधी बरीच वर्षं मिरवणुकीतल्या साउंडच्या गाडीवर ऑपरेटर होते. स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, रात्र रात्र. बाकीचे कानात कापूस कोंबायचे आणि मामा त्यांना हसायचे. "कापूस घालायचा तर दवाखान्यात जाऊन पडा की," असं म्हणायचे म्हणे. पुढं गाडी सोडली आणि या धंद्यात आले. शिकवायला कोणी नव्हतं. सगळा डोलारा त्यांच्या कानांवर उभा होता, आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान होता. मास्टरिंग म्हणजे नक्की काय, असं मी पहिल्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "सैपाक तुमी केलासा. पंगतीत वाढायच्या आधी चव बगणारा म्हातारा असतो न्हवं, त्यो मी."

ते बोलायचे मोठ्यानं. पण आमच्या कोल्हापुरात मोठ्यानं कोण बोलत नाही? समोरच्या खुर्चीवरच्या माणसाशीही आम्ही नदीपलीकडं हाक मारल्यासारखे बोलतो. दुसऱ्या कुठल्या गावात एखाद्याला शंका तरी आली असती.

चहा पिता पिता लेकीचा विषय निघाला. एकुलती एक, स्वप्नाली. त्याच वर्षी उन्हाळ्यात आजऱ्याला दिली, काजूचा कारखाना असलेल्या घरात. लहानपणी अभ्यासालाही याच खोलीत बसायची. मोठी झाल्यावर म्हणायला लागली, आबा, मला हे काम शिकवा, मी करते. "मी म्हटलं, न्हाय," मामा म्हणाले. "रोज नवी पोरं येत्यात, जात्यात. लोक काय म्हणतील? चांगलं ठिकाण बगून दिली. सुखात हाय." हे सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता.

मग माझं गाणं लावलं. मामा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "ठेका लई ब्येस हाय. पर पावणं, ती पैंजणं कुठं हायती?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी निरखून बघितलं आणि मान हलवली. "दबल्यात. वर काढू." असं म्हणून ते वरचा आवाज चढवत गेले, चढवत गेले, आणि एका जागी थांबून हसले. "आता आली बगा." माझ्या कानात कुणी वाळू घासतंय असं होत होतं. मी हळूच म्हणालो, जरा जास्त होतंय का मामा? "गाडीवर वाजवा, मग कळंल," ते म्हणाले. एवढी वर्षं गाडीवर काढलेल्या माणसाला मी काय शिकवणार?

घरी ते आईला ऐकवलं. तिनं कानांवर हात ठेवले. "माझी पैंजणं हायती ही, का पत्रा कापतोयास?"

आठवड्यानं मी तणतणत परत गेलो. तोंडावर सांगायचं, काम दुसरीकडं देतो म्हणून, असं वाटेत घोकत होतो. आकारामच्या गाण्याला चांगला हात फिरवला आणि माझ्या वेळी पाट्या टाकल्या, असंच माझ्या डोक्यात बसलं होतं. त्या दिवशी स्वप्नाली माहेरी आलेली होती. मामांनी गाणं लावलं. पैंजणांची जागा आली तेव्हा ती चहा घेऊन दारात होती. चेहरा एकदम कसनुसा झाला तिचा. कप खाली ठेवले, सरळ कॉम्प्युटरपाशी आली आणि न विचारता वरचा आवाज खाली ओढत आणला. कुठं थांबायचं हे तिच्या हाताला ठाऊक होतं. ती थांबली आणि माझ्या आईची पैंजणं जशीच्या तशी वाजली.

"हां, असंच पाहिजे होतं," मी म्हणून गेलो.

मामा म्हणाले, "अगं, आता तर ती वाजायचीच थांबली."

गाणं चालूच होतं, पैंजणं वाजतच होती. मामांनी माझ्याकडं बघितलं, मग लेकीच्या हाताकडं.

"बाळा, किती खाली आणायचं, तुला कसं कळलं?"

तिनं माऊसवरचा हात काढून घेतला.

"कधीपास्नं करतीयास?"

"बारावीत होते तवापास्नं," ती म्हणाली. "तुमी जेवायला गेलासा की."

"सगळ्यांचीच? त्या आकारामचंबी?"

"व्हय."

"मला बोलली न्हाईस."

"तुमी काम सोडून बसला असतासा, आबा. म्हणून तर म्हणत होते, मला शेजारी बसू द्या."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. मी भांडायला आलो होतो हे मला आठवलं आणि जमिनीत जावंसं वाटलं. मी ज्याचं काम ऐकून इथवर आलो तो माणूस लग्न होऊन आजऱ्याला गेला होता. आणि त्याला पाठवणारे बाळासोमामा तिथं उभे होते, भिंतीवरच्या तिच्या लग्नाच्या फोटोखाली.

मामा खुर्चीवरून उठले. "बस," म्हणाले.

"आता बसून काय, आबा? न्यायला येतील एवढ्यात."

"या पावण्यांचं गाणं तरी करून दे."

ती बसली. पदर खोचून, चहा तसाच ठेवून तिनं ते काम केलं. मामा स्पीकरवर पालथा हात ठेवून उभे होते. ठेका हाताला लागायचा तेव्हा मान डोलवायचे, आणि नुसती पैंजणं असायची तिथं तिच्या तोंडाकडं बघत राहायचे. जावई दारात आला तेव्हा ती उठली, बॅग घेतली, पाया पडली. ती गेल्यावर मामांनी स्पीकरच्या वायरी काढल्या. "मला वाटलंतं, लेक उजवली, सुटलो," एवढंच म्हणाले.

मी त्यांना कोल्हापूरच्या डॉक्टरकडं घेऊन गेलो. बारीक आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत, यंत्र लावलं तर बोलणं बरं कळेल, असं सांगितलं. मामा यंत्र लावत नाहीत. त्यांची बायको सांगून थकली, मीही थकलो.

माझं गाणं बऱ्यापैकी चाललं. कुणी केलं, असं लोक विचारतात तेव्हा मी स्वप्नालीचं नाव सांगतो. तिच्या सासरी कॉम्प्युटर आहे, त्यावर काजूचा हिशेब चालतो.

मधूनअधून मी मुडशिंगीला उतरतो. परवा गेलो तेव्हा तिचा फोन आला होता आणि मामा फोन कानाला दाबून बसले होते. तिचा आवाज बारीक. मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला तिचा शब्द न शब्द कळत होता, जेवलासा का, पाय दुखायचा राहिला का. मामा नुसतं "आं? आं?" करत होते. शेवटी तिनं फोन नवऱ्याकडं दिला. त्याचा आवाज भरदार आहे, तो मामांच्या कानाला लागतो. ती शेजारून सांगत होती आणि तो तेच मोठ्यानं म्हणत होता.

"जेवलो, जेवलो," मामा म्हणाले. मग त्यांनी जावयाला विचारलं, "ती हसती न्हवं मधनंमधनं?"