सातव्या घरची चिंधी

देवीकडे मी नेमकं काय मागितलं आणि तिने मला काय दिलं, हे आजही मला धड सांगता येत नाही. लोक आपले अनुभव कसे ठामपणे सांगतात. माझा सगळा गोंधळच आहे. तरी घडलं तसं लिहिते.

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या अमदानीतली गोष्ट. साताऱ्याकडच्या माहेरातून लग्न होऊन मी बडोद्याला रावपुऱ्यात आले, त्याला पाच वर्षं झाली होती. हे कचेरीत कारकून. बाजारहाट सासूबाई करायच्या, त्यामुळे माझं गुजराती 'केम छो'च्या पुढे सरकलंच नव्हतं. त्या पाच वर्षांत माझी दोन मुलं गेली, दोन्ही बारशाआधी. तिसऱ्या खेपेला सातवा महिना लागला तेव्हा मला रिकाम्या पाळण्याकडे बघवेना. सासूबाईंनी फर्मान काढलं, "सात घरी पदर पसर, चिंध्या माग आणि त्यांची गोधडी शिव. मागून आणलेल्या पोरावर काळाची नजर पडत नाही." यांना ते पटेना. "कारकुनाची बायको दारोदार चिंध्या मागणार?" एवढं बोलून पगडी चढवून हे कचेरीत निघून गेले. मला दोघांचंही खरं वाटायचं. शेवटी मला उंबरठ्याबाहेर काढलं ते भीतीनेच.

सहा घरं ओळखीची होती. कुणी लुगड्याचा काठ दिला, कुणी धोतराचा तुकडा. वरच्या मजल्यावरच्या शिलेदारीणबाईंनी तर यजमानांच्या बाराबंदीची बाही उसवून दिली. जुनं लुगडं अस्तराला घेऊन त्यावर मी एकेक पट्टी जोडायची आणि धावदोरा घालायची. बोटं चालायची तेवढा वेळ मन गप्प बसायचं. सातवं घर मात्र सुचेना. सासूबाई म्हणाल्या, "बहुचराजीच्या देवळात जा. देवीचं घर ते घरच की!" आमची कुलदेवी तुळजापूरची. दुसरीपुढे पदर पसरला तर आपली रुसेल का, हा आणखी एक घोर मागे लागला.

अर्धवट गोधडीचं गाठोडं काखेत मारून मी गेले. देवीसमोर एक गुजराती म्हातारी बसली होती. तिच्यापुढे मी पदर पसरला. तिने काही न विचारता आपल्या लाल साडीचं फाटकं टोक फाडलं आणि पदरात घातलं. मग माझ्या गाठोड्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, देवीकडे हात केला आणि म्हणाली, "आई, मुकी दे." मी नुसती बघत राहिले, तेव्हा तिने तेच पुन्हा म्हटलं. मी जगणारं मूल मागायला आले होते, आणि ही बाई माझ्यासाठी देवीकडे मुकी मुलगी मागत होती! गाठोडं छातीशी धरून मी झपाझप घर गाठलं.

ती लाल पट्टी मी जोडली नाही. पेटीच्या तळाशी दडवली आणि सासूबाईंना म्हटलं, "जोडते सावकाश." दोन महिने मी स्वतःशीच भांडत होते. मुकी तर मुकी, पण जगू दे, असं सकाळी म्हणायची. संध्याकाळी वाटायचं, आपण असं म्हटलं म्हणूनच तसं झालं तर? बरं, देवीला समजवावं, तर मला तिची भाषासुद्धा येत नव्हती.

ऐन दुपारी मी बाळंत झाले. मुलगी झाली, आणि ती रडली नाही. आवाज नाही की हालचाल नाही. मला वाटलं, दिली, देवीने मुकीच दिली. सुइणीच्या हातातून मी तिला हिसकून घेतली आणि उराशी आवळली. सुईण गुजराती होती. शेजारी पसरलेल्या गोधडीवर हात आपटत ती माझ्या अंगावर ओरडू लागली, "आई, मुकी दे! मुकी दे!" अक्षर न् अक्षर तेच. मी पोरीला आणखीच आवळलं. तेवढ्यात सासूबाई किंचाळल्या, "अगं वेडे, 'अहीं मूकी दे' म्हणतेय ती! इथे ठेव, सोड तिला!"

म्हणजे ती 'आई' म्हणतच नव्हती. 'अहीं' म्हणत होती. इथे.

माझे हात कसे सुटले, ठाऊक नाही. मी तिला त्या सहा घरच्या गोधडीवर ठेवलं. सुइणीने बोट घालून तिचा घसा मोकळा केला, पाठ चोळली, तळपायांवर टिचक्या मारल्या. आणि माझी लेक असा टाहो फोडून रडली की शिलेदारीणबाई जिना उतरून धावत आल्या. त्या रडण्याइतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

सव्वा महिन्याने लाल पट्टी जोडून मी देवळात गेले. म्हातारी नव्हती. पुजाऱ्यांना विचारलं, तर म्हणाले, "अहीं तो घणी डोशीओ आवे छे, बेन." इथे तर पुष्कळ म्हाताऱ्या येतात. मी गोधडी देवीच्या पायांशी ठेवली आणि प्रसाद म्हणून परत उचलून घेतली. 'इथे ठेव', म्हातारीने एवढंच सांगितलं होतं, आणि ते मला दोन महिने उशिरा कळलं. ती कोण होती, कुठल्या देवीने ऐकलं, की कुणीच नाही, या भानगडीत मी आता पडत नाही. जे पेलत नाही ते तिथे ठेवते आणि हात जोडते.

मुलगी मुकी कसली! दोन्ही भाषांत तोंडाचा पट्टा अखंड चालू. परवा ती सासरी गेली, गोधडी घेऊन. निघताना मी तिला मिठी मारली आणि मला सोडवेना. ही सगळी हकीकत तिला पाठ आहे. रडता रडता हसली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "आई, मूकी दे."

मी हात सोडले.