भिंगरीआत्याच्या डोक्यातले डाग

मोठ्या माणसांवर जाणत्यांनी लिहावं. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच, आणि लिहायला बसलोय भाजी विकणाऱ्या आत्यावर. माझा तेवढा अधिकार आहे का, ठाऊक नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

आत्या एका जागी बसलेली मला आठवतच नाही. जेवायचीसुद्धा उभ्यानं. म्हणून गावात तिचं नाव भिंगरी पडलं. किन्हवलीजवळच्या मळ्यात ती मुळा उपटायची, पदराला पुसायची आणि चालता चालता कचकच खायची. मी धुवायला मागितला की म्हणायची, "मातीनं काय बाटतोस रे?" शहापूरला शिकताना मी तिच्याकडेच राहायचो. तिच्या गळ्यात तुळशीची माळ, मासळी-मटण कायमचं बंद. तरी माझ्यासाठी सुकट भाजायची, नाकाला पदर लावून.

एकदा शहापूरच्या बाजारात मुळ्याची जुडी देता देता तिचा उजवा हात उडायला लागला, डोळे फिरले आणि ती पाटीवरच पडली. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल. मग तिचा मुलगा संतोष आणि मी तिला कल्याणला नेलं. स्कॅनमध्ये मेंदूत डाग निघाले. डॉक्टर म्हणाले, "डाग हे काही आजाराचं नाव नाही. किडा असेल, टीबीची गाठ असेल, जुनी गुठळी असेल. कॅन्सर नाहीच, असंही आज सांगता येत नाही." त्यांना किड्याचा संशय जास्त होता. त्याचं औषध घेऊन पुन्हा स्कॅन करायचा होता. झटके थांबवायच्या गोळ्या वेगळ्या. आणि तोवर एकटीनं पाण्याजवळ, चुलीजवळ जायचं नाही.

"चार चार नावं कशाला? एक काय ते सांगा ना," आत्या म्हणाली.

बाहेर बाकावरच्या एका बाईनं सांगून टाकलं, हा किडा डुकराच्या मटणातून होतो. घरी आल्यावर झटक्याच्या गोळ्या आत्यानं घेतल्या, किड्याच्या मात्र तांदळाच्या डब्यात दडवल्या, आणि गावात सांगितलं, "मला टीबी झालाय."

"अगो आई, लोक लांब बसतील," संतोष म्हणाला.

"बसू देत. माळकरीण डुक्कर खाते बोलण्यापरीस बरा."

मला अभ्यास सुचेना. कॅन्सर असेल तर दिवस वाया चालले होते, किडा असेल तर औषध डब्यात पडून होतं. शेवटी कॉलेजातल्या बाईंना विचारलं आणि घाबरत घाबरत आत्याला सांगितलं, "डुक्कर खाऊन किडा पोटात होतो, डोक्यात नाय. तसा किडा पोटात असलेलं माणूस शेतात परसाकडे बसतं, किड्याची अंडी मातीत मिसळतात. भाजी धुतली नाय की ती आपल्या पोटात जातात, तिथनं डोक्यात."

ती मुळ्याच्या पाटीकडे बघून म्हणाली, "मंग मी लोकांना काय विकत होते रे?"

त्या दिवशी तिनं किड्याची गोळी घेतली, पण जिवाची तगमग दुप्पट झाली. एकेक मुळा घासून धुवायची. बाजारात गिऱ्हाइकाला बजावायची, "ए गो, घरी परत धू. आमच्या मातीचा भरवसा नाय."

"भिंगरे, आमचा पण धंदा बसवशील," शेजारची भाजीवाली म्हणाली.

"तुझ्या डोक्यात शिरल, मंग बोल."

ओहोळावर एकटी जाऊ नकोस म्हटलं की माझ्यावरच उलटायची, "हंडाभर पाण्यात किती जुड्या धुवू? तूच सांग."

दुसरा स्कॅन ठरला तेव्हा मी सुट्टीत मुरबाडला घरी होतो. फोन हातातून खाली ठेववत नव्हता. संतोषचा फोन आल्यावर त्याला बोलूही न देता मी विचारलं, "काय निघालं रे? किडाच ना?"

"स्कॅन राहिला," तो म्हणाला. "आई सकाळी मुळे धुवायला गेली, एकटीच. ओहोळात पालथी सापडली, जीव गेलेला. पाणी घोट्याएवढं पण नव्हतं रे."