डहाणूच्या थांब्यावरची गाठोडी

डहाणूला जायचं ठरलं ते एका फोटोमुळे. तिथे राहणाऱ्या मावसभावाने बाजारातल्या नव्या फूटपाथचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, आता ये, गुडघे न मोडता चालता येतं. मी बसनेच फिरणारी बाई. गावात पायी चालायला जागा आहे एवढं आमिष मला पुरतं. नाशिकहून जव्हारमार्गे निघाले. रस्ता वळणांचा आहे, उलटीची गोळी आधीच घ्या आणि जव्हारला गाडी थांबली की मिसळीच्या भानगडीत न पडता नुसता चहा प्या.

फूटपाथ खरंच देखणा निघाला. लाल-करडे ब्लॉक, शोभेचे दिवे, कडेने चकचकीत रेलिंग. पहिल्या संध्याकाळी मी उगाचच दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी नरपडवरून बोर्डीला गेले, सुरूच्या सावलीत बसले, चिकू खाल्ले. तिसऱ्या दिवशी तलासरीचा बाजार केला. तिकडच्या गाड्या मोजक्याच आहेत आणि वेळ विचारली की प्रत्येकजण वेगळी सांगतो. एक चुकली की जीपमध्ये कोंबून घ्यायची तयारी ठेवा.

परतीच्या दिवशी दुपारी थांब्यावर आले. चारोटीपर्यंत बस आणि पुढे नाशिकची गाडी, असा बेत होता. नव्या फूटपाथवर माणूस एकही नव्हता. रांग होती, पण गाठोड्यांची. एक मोडकी छत्री, एक टोपली, फडक्यात बांधलेला दगडसुद्धा. माणसं समोरच्या दुकानांच्या सावलीत बसली होती. सुशोभीकरणात थांब्याची जुनी शेड गेली आणि नवी कुणाला सुचलीच नाही. ज्याने हा नकाशा काढला त्याने आयुष्यात भर उन्हात एसटीची वाट पाहिली नसणार, हे मी छातीठोकपणे सांगते.

सावलीतल्या एका म्हाताऱ्या बाईने मला हाक मारली. "बाय, तुझी पिशवी पण ठेव तिथं. गाठोडा उनात, आपुन सावलीला. नंबर कोन घेत नाय." ती चारोटीच्या वाटेवरच्या गंजाडची सुकरीबाय. लेकीच्या बाळाची त्या संध्याकाळी पाचवी होती. पूजेचं सामान आणि बाळाचं टोपडं तिच्या गाठोड्यात होतं, आणि दिवेलागणीच्या आत घरी पोचवणारी हीच एक गाडी उरली होती. मी माझी सॅक तिच्या गाठोड्यामागे ठेवली आणि तिच्या शेजारी टेकले.

थोड्या वेळाने नगरपरिषदेचा एक टेम्पो आला. पाहणीला कुणी साहेब येणार होते म्हणे, म्हणून फूटपाथ साफ करायचा होता. शिट्टी गळ्यात अडकवलेल्या माणसाने गाठोडी उचलून टेम्पोत भिरकावायला सुरुवात केली. आम्ही ओरडत धावलो, पण मध्ये ते रेलिंग. वळसा घालून पोचेपर्यंत फूटपाथ मोकळा झाला होता. मागे राहिली होती फक्त माझी सॅक. ती त्याने उचलून, झटकून, रेलिंगला नीट टेकवून ठेवली होती. मी जाब विचारला तर म्हणाला, "मॅडम, तुमचं सामान आहे ना. कचरा तेवढा उचलला."

 तेवढ्यात बस आली. रेलिंगमुळे रस्ता एवढा चिंचोळा झालाय की बस उभी राहिली आणि टेम्पो तिच्या मागे अडकला. सुकरीबाय पायरीपाशी घुटमळत उभी राहिली. गाडी सोडली तर पाचवी चुकणार, आणि गाठोडं सोडलं तर रिकाम्या हाताने घरी जायचं. काय झालं ते विचारून कंडक्टर बाई खाली उतरल्या.

"या गाठोड्यांचा नंबर लागलेला आहे," त्या टेम्पोवाल्याला म्हणाल्या. "ती चढल्याशिवाय मी बेल देत नाही. हवा तेवढा हॉर्न वाजव."

त्याने वाजवला. मागच्या रिक्षांनीही वाजवला. बाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. शेवटी गाठोडी उतरली, सगळी.

गाडीत सुकरीबायने गाठोडं सोडून पाहिलं. नारळ शाबूत होता. टोपड्यावर बुटाचा ठसा होता. ती पदराने तो पुसत राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझी पिशवी नाय नेली त्यानं." रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं.  गंजाडला ती उतरली, तेव्हा ऊन अजून होतं.

घरी येऊन आठवडा झाला. भावाने आणखी फोटो पाठवलेत, सगळे स्वच्छ, सगळे रिकामे. सॅक अजून कपाटात टाकावीशी वाटत नाही. तुम्ही डहाणूला जाणार असाल तर जरूर जा, समुद्र आणि चिकू वाट बघतायत. पण त्या थांब्यावर तुमची महागातली बॅग मांडीवर घेऊन बसू नका. रांगेत ठेवा, दोन गाठोड्यांच्या मधोमध. उचलायचीच झाली, तर तीही उचलू दे.