बन्यामीनचा काळा पट्टा

खुटबावच्या कुरणाचा रखवालदार बन्यामीन साळवे याला आयुष्यात एकच गोष्ट मनासारखी जाळायची होती, आणि गाव त्याला ती जाळू देत नव्हतं.

कुरणाच्या कडेनं रेल्वे जाते. अठ्ठावन्न सालची गोष्ट, तेव्हा कोळशाची इंजिनं. पौषात गवत वाळून कुरकुरीत झालेलं. एक ठिणगी पडली की गावाचा वर्षाचा चारा धूर होऊन दौंडला जायचा, तोही बिनतिकिटाचा. उपाय बन्यामीनला पक्का ठाऊक होता. रुळालगतचं वीस हात रुंद गवत आपणच आधी जाळून टाकायचं. सकाळी, दंव असताना, वारा पडलेला बघून, ज्वाळा झोडपायला हातात निरगुडीचे ओले फोक घेऊन. मग काळ्या पट्ट्यावर ठिणगी पडली तरी ती खाणार काय?

पण गावात दगडाबाई होती. दगडाबाईला धूर दिसायच्या आधी वास यायचा. कुणाची सून रुसली याचाही तिला असाच आधी वास यायचा, पण तो विषय वेगळा. बन्यामीननं काडी ओढली की ही घागर घेऊन हजर, आणि मागं सगळी आळी. दोन वर्षं तिनं त्याचा पट्टा विझवला. वर शाबासकी मिळवली. गेल्या साली पट्ट्याविना अर्धं कुरण जळालं, तेव्हा शिव्या मात्र बन्यामीनला.

सरपंच सर्जेरावांनी यंदा स्पष्टच सांगितलं, "बन्यामीन, औंदा कुरण जळालं तर काठी आन् बिल्ला चावडीवर आणून ठेवायचा."

"मग दगडा आत्याबाईंना आवरा की आप्पा."

"ती माझी सख्खी चुलती हाय. तू आगीला आवर, ते सोपं."

शेवटी बन्यामीननं दवंडीवाल्या भिमाजीला गाठून वाक्य पाठ करून घेतलं, 'उद्या सकाळी बन्यामीन रुळाच्या कडंला आग लावणार हाय, कुणीबी विझवू नये.' भिमाजीनं मान डोलावली, डफ उचलला आणि गावभर ओरडला, "ऐका हो ऐका! उद्या सकाळी रुळाच्या कडंला आग लागणार हाय होऽऽ!"

झालं. उजाडायच्या आत निम्मं गाव घागरी घेऊन रुळावर. आग लागणार हे बन्यामीनला आधी कसं कळलं, यावर तिथंच चर्चा. एक म्हणाला, त्यांच्या पाद्रीबुवांच्या पोथीत सगळं लिहिलेलं असतं. बन्यामीन "अवो, थांबा, थांबा" करतोय तोवर अर्धा पट्टा कसाबसा जळाला आणि उरलेल्या अर्ध्यावर चिखल झाला.

बन्यामीननं भिमाजीची गचांडीच धरली. "तुला 'लावणार' म्हणायला सांगितलं व्हतं ना रं?"

"तीस वरसं दवंडी देतोय मी," भिमाजी म्हणाला. "बन्यामीन आग लावणार, असं तुझ्या नावानं कसं वरडू? भल्या माणसाबद्दल असं बोलत्यात व्हय? आग लावायचं काम गावात दुसरी माणसं करत्यात, त्यांचीबी नावं मी कवा घेतली न्हाईत."

"आन् 'विझवू नये'?"

"दिवेलागणीच्या वक्ताला 'विझवू' कोण म्हणतं? अभद्र!"

बन्यामीन घरी येऊन कपाळाला हात लावून बसला. "बिल्ला पुसून ठिव, कृपा. अर्धा पट्टा तसाच उभा हाय, उन्हानं परत वाळंल. एक मालगाडी आली की आपली रखवाली सपली."

त्याची बायको कृपाबाई तांदूळ निवडत होती. तिनं वरसुद्धा बघितलं नाही. "अवो, गावात कुणी न विझवणारी एकच आग हाय."

"कुठली?"

"हुरड्याची आगटी."

दुसऱ्या दिवशी भिमाजी मात्र शब्दन् शब्द बरोबर ओरडला. रुळाच्या कडेला हुरडा आहे म्हणताना त्याचा आवाज इंजिनापेक्षा लांब गेला. कणसं सर्जेरावांच्या रानातली. जाळून उरलेल्या अर्ध्या पट्ट्यावर, वीस-वीस पावलांवर बन्यामीननं आगट्यांचे खड्डे खणले. प्यायच्या पाण्याच्या घागरी त्यानं मुद्दाम ओळीनं कुरणाच्या अंगाला मांडल्या आणि निरगुडीचे फोक माश्या वारायला म्हणून एकेकाच्या हातात दिले.

दगडाबाई मधल्या आगटीशी बसली आणि ताडकन उठली.

"आरं मेल्या, कुसळं किती ही! लुगडं सगळं भरलं. बसायला जागा तर कर!"

"काय करू म्हनता, आत्याबाई?"

"काय करू म्हंजी? जाळ की ते गवत!"

बन्यामीनला आपल्या कानांवर भरवसा बसेना. "किती जाळू?"

"सगळ्यांना बसता येईल एवढं! सगळं मीच सांगू व्हय? आन् ते तिकडचं इझतंय बघ, फुंकर घाल. आग लावायचीबी अक्कल न्हाई रखवालदाराला!"

तिच्या देखरेखीखाली उरलेला पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत काळाभोर झाला. कडेला एखादी ज्वाळा कुरणाकडं सरकली की ती स्वतः फोक हाणायची.

उन्हं वर आली तशी दौंडकडनं मालगाडी धापा टाकत आली. ठिणग्यांचा सडा पडला. राखेत पडून एकेक विझून गेली. बन्यामीन डबे मोजत होता. शेवटचा डबा गेला, आणि कुरण जसंच्या तसं.

दगडाबाईनं हुरड्याचा बकाणा गालात सारला.

"बघितलंस? मी म्हनत न्हवते? ह्या कुरणाला आग लागतच न्हाई. दरसाल उगाच आमाला घागरी घेऊन पळवतोस."

बन्यामीननं तोंड उघडलं. कृपाबाईनं त्यात गूळ आणि मूठभर हुरडा कोंबला.