पिवळ्यामागचा तांबडा

ती आधी उजवा डोळा तळहातानं झाकायची, मग डावा. समोर कम्प्युटरवरचं चित्र असो नायतर भाजीवाल्याच्या गाडीवरचं वांगं. दोन्हीकडून बघून झालं की मान हलवायची आणि म्हणायची, "हां, आता बोलू."

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, पोरीच्या डोळ्यात काही गेलंय. तुम्हालाही तसंच वाटलं असतं. आमच्या हर्सूलच्या गल्लीतली एक बाई तर तिच्यासाठी गुलाबपाण्याची बाटली घेऊन आली होती.

मी चौथी शिकलेला माणूस. चितेगावच्या फ्रिजच्या कारखान्यात पेंट शॉपला तीस वर्षं काढली. लिहिण्याचा आणि माझा संबंध हजेरीच्या सहीपुरता. पण ही पोरगी डोक्यातून जात नाय, म्हणून बसलोय लिहायला. नाव लिहीत नाय. लिहिलं तर तिकडून फोन करून भांडेल.

आमची ही गेली त्याला सतरा दिवस झाले होते. दुपारी दार वाजलं. बाहेर एक तिशीची पोरगी, पाठीवर बॅग, हातात कम्प्युटरचं खोकं.

"जयभीम काका. वरच्या खोलीचं काकूंशी बोलणं झालं होतं. फर्दापूरहून आले मी."

मला काहीच ठाऊक नव्हतं. हिनं फोनवर परस्पर हो म्हटलं होतं आणि मला सांगायच्या आधी दवाखान्यात भरती झाली होती.

"काकू नाय आता," मी म्हणालो.

तिनं खोकं खाली ठेवलं आणि पायरीवरच बसली. मग म्हणाली, "मग मी जाऊ का?"

खरं सांगतो, मला कुणीच नको होतं घरात. रेडिओसुद्धा लावत नव्हतो. पण हिनं दिलेला शब्द मी चाळीस वर्षांत कधी फिरवला नव्हता. ती नसताना कसा फिरवू?

"जाऊ नको," मी म्हणालो. "चपला आत घे. कुत्री पळवतात."

गल्लीत बातमी पसरली की मास्तरीण नाय, नर्स नाय, आकाशाचा अभ्यास करणारी बाई आली. सगळ्यांना वाटलं आता ही रात्रभर गच्चीवर हिंडणार. तर ही नवाच्या ठोक्याला झोपायची! शेजारच्या मावशींनी एकदा गाठलंच तिला.

"काय गं, तारे बघतीस म्हणं. कधी बघतीस?"

"अकरा ते पाच, मावशी."

"दिवसाढवळ्या?"

"दुर्बीण वर फिरती, उपग्रहावर. तिथून फोटो येतात. मी विद्यापीठात बसून बघते."

"असं व्हय. मग आमच्या पिंट्याचा शनी कुठं बसलाय तेवढं बघ की. लग्न जमंना त्याचं."

"शनी माझ्याकडं नाय मावशी. मी लई लांबचं बघते. पिंट्यापर्यंत पोचायचं नाय ते."

मावशी रागावल्या नाहीत. उलट तेव्हापासून तिला लोणच्याची बरणी मिळायला लागली.

आमची दोघांची सुरुवात मात्र वाईट झाली. एका रविवारी ती खाली चहाला आली आणि हौसेनं टेबलावर एक कागद पसरला. काळ्या कागदावर मधोमध पांढुरका डाग. धुरकट, कडा नसलेला.

"एक्स-रे आहे काका," ती म्हणाली.

मी उठलो. "हे उचल. एक्स-रेचं नाव माझ्या घरात काढायचं नाय."

तिला काय माहीत! आमच्या हिच्या छातीचा असाच काळा कागद मी तीन दवाखाने हिंडवला होता. असाच पांढरा डाग. एक म्हणाला जुना आहे, दुसरा म्हणाला बघू, तिसऱ्यानं माझ्याकडं बघितलंच नाय. मला डाग म्हणजे मरण एवढंच कळत होतं.

तिनं कागद गुंडाळला. सॉरी-बिरी म्हणाली नाय, ते मला आवडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर येऊन बसली आणि सरळ बोलायला लागली.

"काका, हा डाग आजार नाय. उलटं आहे. आपली आकाशगंगा असते ना, तशा शेकडो एका जागी राहतात. त्यांची वस्ती. जगात यापरीस मोठी, एकमेकांच्या ओढीनं बांधलेली वस्तू दुसरी नाय. त्या वस्तीत सगळीकडं वायू भरलेला असतो, कोट्यवधी डिग्री तापलेला. तो डोळ्यांना दिसत नाय. एक्स-रेतच दिसतो. तुम्ही काल बघितला तो तापलेला वायू."

"आणि त्या आकाशगंगा?"

"त्या साध्या उजेडाच्या फोटोत दिसतात. म्हणून दोन्ही फोटो लागतात. नुसत्या एक्स-रेत भलताच एखादा तारा फसवतो. नुसत्या साध्या फोटोत पुढच्या-मागच्या आकाशगंगा एका जागी दिसतात, वस्ती नसतीच."

मग तिनं तिच्या बापाचं सांगितलं. बाप अजिंठ्याच्या लेण्यांत टॉर्च धरायचा. पाहुण्यांना आधी समोरून उजेड दाखवायचा, मग बाजूनं. समोरून नुसता रंग दिसायचा. बाजूनं धरला की चित्रातल्या बाईच्या गळ्यातले मोती वर यायचे. "पप्पा म्हणायचे, एकदा बघून निघणारा माणूस तिकिटाचे पैसे वाया घालवतो."

त्या दिवशी मी अर्धा तास बसून ऐकलं. हिच्यानंतर कुणाचं इतकं ऐकलं नव्हतं.

पुढं सवयच झाली. सकाळी विद्यापीठात जायच्या आधी ती रोज एक चित्र दाखवायची. साध्या फोटोवर एक्स-रेच्या रेघा काढलेल्या असायच्या, अंगठ्याच्या ठशासारखी वेटोळी. सगळ्यात आतलं वेटोळं जिथं, तिथं वायू दाट. मी म्हणायचो, ही खरी वस्ती, ही खोटी. माझं निम्मं चुकायचं. चुकलो की ती टाळी वाजवून हसायची. बरोबर आलं की मी मावशींना सांगून यायचो. त्या विचारायच्या, "पण त्याचा उपयोग काय भाऊ?" मी म्हणायचो, "तुमच्या मालिकेचा काय उपयोग?"

अशा शेकडो डागांतून तिनं एक डाग हुडकला. कुणाच्याच यादीत नव्हता. मधोमध एक मोठी पिवळी आकाशगंगा, भोवती बारकी गर्दी. पुण्याच्या तिच्या सरांनी शाबासकी दिली. लेख लिहून छापायला पाठवला. पीएचडीचं शेवटचं प्रकरण त्याच्यावरच उभं होतं आणि फेलोशिपचे चार महिने उरले होते. ती पेढे घेऊन आली आणि ते चित्र मोठं छापून मला दिलं. "काका, हे तुमच्या भिंतीला."

मी ते घेऊन दारात गेलो. सवयच तशी. पेंट शॉपमध्ये दोन पत्र्यांच्या रंगाची शेड, म्हणजे छटा, जुळती का, हे आम्ही ट्यूबलाइटखाली कधी ठरवत नव्हतो. ट्यूबखाली सगळं सारखंच दिसतं. माल दारात आणायचा, उन्हाकडं पाठ करायची, मग बघायचं.

बघितलं. परत बघितलं.

"पोरी, हा माल एका लॉटचा नाय."

"म्हणजे?"

"ही मोठी पिवळी आणि या चार-पाच, यांची शेड एक. हळदीची. पण या बारक्या बघ. यांच्यात तांबडा आहे, विटकरी. आणि तुझं आतलं वेटोळं पिवळीवर नाय. जरा बाजूला आहे. तांबड्यांवर."

तिचं तोंड उतरलं. "वेटोळं थोडं सरकतं काका. वायू हलतो."

"हलू दे. शेड हलत नाय."

"काका, हे काय फ्रिजचं दार आहे का? लेख गेलाय माझा! तुम्हाला काय कळतंय यातलं?"

आणि धाडधाड वर निघून गेली. पेढ्याचा बॉक्स तसाच. रात्री जेवायला आली नाय. मी दोनदा जिन्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. आमची ही नेहमी म्हणायची, तुमच्या तोंडाला फडकं बांधायला पायजे. वाटलं, गप बसला असतास तर काय बिघडलं असतं? चार महिन्यांत पोरगी डॉक्टर झाली असती.

दुसऱ्या दिवशी ती विद्यापीठात गेलीच नाय. वरून खुर्ची सरकल्याचा तेवढा आवाज. दुपारी दोनच्या सुमाराला जिना हादरला. केस पिंजारलेले, एक पाय अनवाणी.

"काका! दोन लॉट!"

"बघ!"

"सगळ्यांचा रंग मी एकत्र धरला होता, सरासरी काढून. वेगळा केला तर दोन ढीग पडले. पिवळ्या जवळच्या. तांबड्या त्यांच्या बरोब्बर मागं, लई लांब. मोठी दिसली म्हणून पिवळीलाच घरधनी धरून बसले मी. लग्नात फेटा बघून भलत्यालाच नवरीचा बाप समजावं, तसं झालं!"

"मग आता?"

ती हसायची थांबली. "आता सरांना सांगायला पायजे."

फोन तिनं माझ्यासमोरच लावला, आवाज मोठा करून.

"सर, लेख परत घ्यायचा. अंतर चुकलंय. वायू मागच्या वस्तीचा असावा."

मग सर म्हणाले, "असावा? खात्री आहे का तुला?"

"नाय सर. मागच्यांचा प्रकाश मोठ्या दुर्बिणीतून रंगारंगांत फोडून अंतर मोजावं लागेल. तोवर खात्री नाय."

"त्याला वेळ मिळेल न मिळेल. तुझी फेलोशिप संपतेय. अगं, हातातलं सोडतेस तू."

"फेलोशिप संपेल सर. चुकीचं छापून आलं तर ते काय संपायचं नाय."

सरांनी मोठा श्वास सोडला. "ठीक आहे. घेतो परत. पण ही शंका काढली कुणी?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी जोरजोरात मान हलवली, नको म्हणून.

"घरातल्यांनी," ती म्हणाली.

मी उठून मोरीत गेलो आणि उगाच तोंड धुतलं.

सरांनी ओळखीपाळखी लावून एका मोठ्या दुर्बिणीचे दोन तास मिळवले. पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. ती दिवसातून दहादा मेल बघायची. मी दहादा विचारायचो, "आलं का?" मावशीसुद्धा विचारायच्या, कसलं ते न कळता. एक दिवस तिकडं ढग असल्याचं कळलं, तर मावशींनी ढगांना ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहीत नाय.

शेवटी आलं. सकाळी मी अंगणात मेथी निवडत होतो. वरून अशी किंकाळी आली की मला वाटलं साप निघाला. मी काठी घेऊन जिन्यात, ती वरून खाली, दोघांची टक्कर.

"काका, नऊच्या नऊ! नऊ तांबड्या तपासल्या, नऊही एकाच अंतरावर. वस्ती आहे! खरी! आणि लई मोठी!"

"मोठी कशावरून?"

ती मला ओढत दारात घेऊन आली. जटवाड्याच्या डोंगराकडं बोट केलं. "समजा, इथल्या चुलीचा धूर आणि त्या डोंगरापलीकडचा धूर, दोन्ही तुम्हाला सारखेच दिसले. तर पलीकडं काय असेल?"

"चूल नाय. वीटभट्टी."

"बस्स! आपण चूल समजत होतो काका. ही भट्टी निघाली!"

ती नाचली. मी म्हणतो ते खोटं वाटेल, पण मीही दोन पावलं टाकली, हातात मेथीची जुडी घेऊन. हिच्यानंतर आमच्या घरात पहिल्यांदा इतका गलका झाला. मावशी धावत आल्या. त्यांना वाटलं पोरीचं लग्न ठरलं.

संध्याकाळी मी भीतभीत विचारलं, "याला नाव ठेवतात का काही? आमच्या हिचं..."

तिनं उजवा डोळा झाकला नाय, डावा झाकला नाय. माझ्याकडं नीट बघितलं. "नावं नाय ठेवत काका. आकाशात कुठं आहे त्याचा नंबर असतो नुसता. पत्ता म्हणा. खोटं कसं सांगू तुम्हाला?"

"राहू दे," मी म्हणालो. "तिचं नाव तसंही कुठल्या कागदावर लागलं नव्हतं. सातबाऱ्यावर नाय, घरावर नाय. आता एकदम आकाशात लावलं तर घाबरंल ती."

ती हसली, आणि हसता हसता रडली. मी रडलो नाय. मी नंतर रडलो.

नवा लेख छापून आला. पीएचडी झाली. आणि त्याच लेखावर जर्मनीतून बोलावणं आलं, तीन वर्षांचं. चुलीवर कुणी बोलावलं नसतं. भट्टीवर बोलावलं. पेपरवाल्यांना दाखवावं तसं ते पत्र तिनं माझ्यासमोर धरलं, तेव्हा मी मनात म्हणालो, घे म्हाताऱ्या, बघ आणखी दारात नेऊन शेड. तूच दाखवली, तूच घालवली. पण तोंडानं म्हणालो, "थंडी असती तिकडं. आमच्या हिचा लोकरीचा स्वेटर आहे, तो ने. कपाटात नुसता पडलाय."

तिनं तो तिथंच अंगावर चढवला. मे महिना होता.

स्टेशनला जायला रिक्षा आली. मी येतो म्हणालो तर नको म्हणाली, बॅगांनाच जागा पुरंना. रिक्षावाल्यानं विचारलं असावं, कुठं चाललात ताई, इतकं सामान घेऊन. कारण रिक्षा सुटली तसे तिचे दोन्ही हात बाहेर आले, एक इकडून, एक तिकडून, ती वस्ती केवढी मोठी ते दाखवायला. गल्ली अरुंद, हात दोन्हीकडच्या भिंतींना लागतील असे. आणि तो बाबा हँडल धरून मान पूर्ण मागं वळवून ऐकत होता.

"अरे समोर बघ की!" मी ओरडलो. "समोर बघ!"

त्यानं ऐकलं नाय. वळणावर रिक्षा दिसेनाशी झाली, तोवर त्याची मान मागंच होती.